काचेमागचा बॅगपस

आज लेकीला घेऊन कँटरबरीच्या संग्रहालयात गेले आणि काचेमागे लहान मुलांच्या जुन्या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला बॅगपस दिसला. पोट सुटलेलं, गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचं जुनं कापडी मांजर. पट्टे खरं तर केशरी व्हायचे होते, कापड रंगवताना चूक झाली आणि गुलाबीच राहिले. किती बरं झालं!

बॅगपस घडवला दोघांनी. ऑलिव्हर पोस्टगेट गोष्टी लिहायचे, आवाज द्यायचे, चित्रीकरण करायचे; पीटर फर्मिन चित्रं आणि बाहुल्या करायचे. दोघांची 'स्मॉलफिल्म्स' ही कंपनी १९५९ च्या सुमारास सुरू झाली. स्टुडिओ कुठे, तर जवळच्याच ब्लीन गावात, फर्मिन यांच्या शेतावरच्या जुन्या गोठ्यात! बाहुली जराशी हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. दिवसेंदिवस हेच. 'क्लँगर्स' या त्यांच्याच दुसऱ्या मालिकेतले ते गुलाबी, लांब नाकाचे जीव जोन फर्मिन यांनी सुयांवर विणले. त्या जिवांचे संवाद आधी चक्क इंग्रजीत लिहायचे आणि मग शिट्टीवर वाजवायचे. एवढी माया मुलांसाठी कोण करतं?

बॅगपसचे भाग १३च, १९७४ सालचे. तो झोपला की तो राहतो त्या दुकानातले सगळेच झोपतात.

लेक काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभी होती. मी काही सांगायला गेले तर हळूच म्हणाली, "आई, हळू बोल ना. तो उठेल."