काडेपेटीत लपलेली संख्या

मनात एक संख्या धर. तिच्यात ३ मिळव. दुप्पट कर. ४ वजा कर. निम्मे कर. आता मनातली संख्या काढून टाक. उरला १!

चौथीतल्या मुलांना ही जादू वाटते. ती उलगडायला सुरुवातीला ‘क्ष’ लागतच नाही. चार-पाच रिकाम्या काडेपेट्या आणि मूठभर चिंचोके पुरतात.

मनातली संख्या म्हणजे बंद पेटी. शेजारी ३ चिंचोके. दुप्पट केलं की २ पेट्या, ६ चिंचोके. ४ उचलले, उरले २. निम्मे केल्यावर १ पेटी, १ चिंचोका. पेटी उचलली की चिंचोका एकटाच उरतो. पेटीत किती होते, हे कुणी विचारलंसुद्धा नाही!

हमखास चूक दुप्पट करताना होते: पेट्या २ होतात, चिंचोके ३च राहतात. तेव्हा लगेच टोकू नये. ३ मधून ४ उचलायचे म्हटल्यावर मूल अडतं आणि आपणच मागे जाऊन बघतं. ४ ऐवजी २ वजा करायला सांगितले, तर तीच चूक निम्मे करताना अडते आणि शोधायला जड जाते. कोडं रचताना आकडे असे पारखून घ्यावेत.

मग समीकरण. बाकावर खडूची रेघ, एका बाजूला २ पेट्या आणि ३ चिंचोके, दुसऱ्या बाजूला ११ चिंचोके. दोन्हीकडून ३ काढा, राहिलेल्या ८ चे दोन सारखे वाटे करा; पेटीत ४. ‘दोन्ही पेट्यांत सारखेच’ हे आधी बजावलं नाही, तर कुणीतरी ३ आणि ५ सांगेल, आणि त्याचं बरोबरच असेल. खरा तराजू वापरायचा तर चिंचोक्यांऐवजी एकसारख्या गोट्या घ्या, आणि पेटीचं स्वतःचं वजन असतं म्हणून दुसऱ्या पारड्यातही २ रिकाम्या पेट्या ठेवा.

एवढं करूनही ८ + ४ = □ + ५ इथे बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात. ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. रेघेच्या दोन्ही बाजूंना चिंचोके मांडून मोजायला लावणं, हाच त्यावर उपाय.

अक्षर सगळ्यात शेवटी, आणि पेनासाठी ‘प’ मुळीच नको. मग ३प म्हणजे ‘तीन पेनं’ होतं. पेनाची किंमत ही संख्या हरवते. भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. आणखी अज्ञात राशी असल्या तर कालक, नीलक अशी रंगांची नावं. वर्गातही दोन अज्ञात संख्या आल्या की काळी पेटी, निळी पेटी करावी.