कैगा येथे काही झाले तर बेळगावचे काय?

क्ष-किरण विभागात नोकरी करणाऱ्याला किरणोत्सर्गाबद्दल सगळे ठाऊक असणार, असे आमच्याकडे लोक धरून चालतात. त्यामुळे बेळगावात आणि त्याहून जास्त खानापूर तालुक्यात, लग्नाचा मांडव असो की एसटीचा थांबा, मला ठरलेला प्रश्न येतो: "कैगा फुटलं तर आमचं काय हो?" प्रश्न रास्त आहे. कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठी कैगा येथे २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत, ७०० मेगावॅटच्या आणखी दोन मंजूर आहेत, आणि बेळगाव शहर तिथून सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर आहे; खानापूर त्याहूनही जवळ. तेव्हा तुम्ही विचारलेत म्हणून, जिथे असे अपघात खरोखर घडले तिथल्या रहिवाशांचे काय झाले ते आधी सांगतो.

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. कैगाच्या भट्ट्यांभोवती काँक्रीटचे दुहेरी आवरण आहे, तसे तिच्याभोवती नव्हते, आणि किरणोत्सारी द्रव्ये जवळपास दहा दिवस बाहेर पडत राहिली. शेजारच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९ हजार माणसांना दुसऱ्या दिवशी हलवण्यात आले. मात्र रहिवाशांचे सर्वांत मोठे नुकसान दुधातून झाले, आणि ते बहुतांशी टाळता येण्याजोगे होते. आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी द्रव्य गवतावर बसते, गाय दिवसभरात बराच मोठा पट्टा चरते, आणि एक-दोन दिवसांत ते दुधात उतरते. शरीरात ते गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत साठते. मूल आणि मोठा माणूस तेच दूध पितात, पण मुलाची ही ग्रंथी इवलीशी असल्याने तिला मिळणारी मात्रा कितीतरी पटींनी जास्त ठरते. अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचे ६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील मोठा वाटा या दुधाचा होता. बहुतेक रुग्ण उपचारांनी वाचले, हे खरे. पण आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते, म्हणजे दोन-तीन महिने ते दूध मुलांच्या तोंडी जाऊ दिले नसते तरी पुष्कळ भागले असते. शेजारच्या पोलंडने एक कोटीहून अधिक मुलांना काही दिवसांत साध्या आयोडीनचा डोस पाजला, म्हणजे थायरॉईड त्यानेच भरते आणि किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. सोव्हिएत खेड्यांतील आयांना मात्र वेळेत कोणी काही सांगितले नाही, आणि याचा मला आजही संताप येतो.

आता आपल्या गावातील दूध संकलन केंद्र डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी किटल्या येतात, फॅट लागते, चिठ्ठी निघते. पण नातवंडांसाठी लागणारे लिटरभर दूध त्याआधीच घरी काढून ठेवलेले असते. केंद्रावरचे दूध शासन एका आदेशाने थांबवू शकते. घरच्या म्हशीचे दूध मात्र आजीला वेळेत कळले तरच थांबेल.

अंतराबद्दलही बोलले पाहिजे, कारण "आम्ही शंभर किलोमीटरच्या बाहेर आहोत ना?" असे विचारून लोक निश्चिंत होऊ पाहतात. अंतर वाढले की धोका साधारणपणे कमी होतो, हे खरेच. पण किरणोत्सारी ढग नकाशावरची वर्तुळे पाहून चालत नाही. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर २० किलोमीटरपर्यंतची गावे रिकामी केली गेली. इइताते हे गाव त्या वर्तुळाबाहेर, वायव्येला ४० किलोमीटरच्या आसपास. १५ मार्चला वारा तिकडे वळला, पाऊस आणि बर्फ पडला, आणि जमीन दूषित झाली. तिथल्या लोकांना हलवण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला. नामिए गावचे लोक तर सुरक्षित म्हणून त्सुशिमा भागात गेले आणि नेमके ढगाच्या वाटेत सापडले. ढगाच्या दिशेचे संगणकी अंदाज सरकारजवळ होते, ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे कैगा येथून यल्लापूर आणि हुबळी-धारवाडच्या बाजूला जातो. बेळगाव उत्तरेला आहे म्हणून ते कायमचे सुटले, असे मी म्हणणार नाही.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देतो. माझ्या छातीवर जो टीएलडी बॅज असतो, त्यात धातूच्या पट्टीवर तीन छोट्या चकत्या बसवलेल्या असतात. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो, चकत्या तापवतात, आणि त्यांतून जितका प्रकाश बाहेर पडतो त्यावरून मला मिळालेली मात्रा कळते. निसर्गातून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट (हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) मिळतात, पोटाच्या एका सीटी स्कॅनमधून साधारण १०. चेर्नोबिलजवळून हलवलेल्यांना, थायरॉईडची मात्रा बाजूला ठेवली तर, सरासरी ३० च्या आसपास मिळाले. १०० च्या खाली कर्करोगातील वाढ नेहमीच्या प्रमाणातून वेगळी काढणे फार अवघड असते. फुकुशिमाच्या रहिवाशांमध्ये किरणोत्सर्गाचा थेट परिणाम म्हणता येईल असे आजार आढळले नाहीत, असे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. तिथे दूषित दूध आणि भाजीपाला लवकर अडवला गेला, याचा त्यात मोठा हात आहे.

तरीही फुकुशिमात माणसे गेली. घाईत रुग्णालये आणि वृद्धाश्रम रिकामे करताना पन्नासहून अधिक वृद्ध रुग्ण दगावले. आपत्तीनंतरच्या हालअपेष्टांमुळे त्या प्रांतात पुढे २ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. चेर्नोबिलनंतर दूरच्या ग्रीसमध्ये केवळ भीतीपोटी गर्भपात करून घेतले गेले. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक दोषांची वाढ दिसली नाही, तरी त्यांच्या लग्नांत अडचणी आल्या. आपल्याकडे सोयरीक जुळवताना काय काय पाहिले जाते ते तुम्ही जाणताच, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

वेळ आलीच तर घरात जावे, दारे-खिडक्या लावाव्यात, बाहेरून आल्यास कपडे बदलून अंग धुवावे, झाकलेले पाणी आणि आधीची दूध पावडर वापरावी, आणि जनावरांना गोठ्यात ठेवून साठवलेला कडबा घालावा. आयोडीनची गोळी प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यावी. आयोडीनयुक्त मीठ तिच्या जागी चालत नाही: प्रौढाच्या एका गोळीत साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असते, आणि तेवढे मिळवायला सहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल.

प्रकल्पापासून १६ किलोमीटरपर्यंतच्या भागासाठी आपत्कालीन योजना आहे आणि तिची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. त्यापलीकडच्या जोयडा आणि खानापूरच्या जंगलपट्टीतील वाड्यांवर वरच्या चार ओळी तरी आधीच पोहोचलेल्या असाव्यात, आणि त्या कन्नडबरोबर मराठी आणि कोंकणीतही असाव्यात, कारण गोठा सांभाळणाऱ्या बाईला समजतील त्याच सूचना उपयोगी पडतील. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावण्यासाठी असा कागद तुमच्या पंचायतीला हवा असेल, तर तो मराठीत मी लिहून देईन.