वाघबीळला उतरलो

आज सकाळी पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या पुढं चढाला सायकलवरून उतरलो. छाती धडधडत होती. शेजारून जाणाऱ्या दूधवाल्यानं गाडी हळू केली. "काका, पन्हाळा कुठं पळून चाललाय व्हय?"

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

कोल्हापूरपासून पन्हाळा साधारण 20 किलोमीटर. चाळिशीत एका दमात चढायचो, तीच वेळ 62 व्या वर्षीही गाठायची होती. पण वयाबरोबर हृदयाचे कमाल ठोके कमी होतात, दमलेले स्नायू सावरायला जास्त वेळ घेतात.

आता महिनाभर रंकाळ्याभोवतीच. सोबत्याशी बोलता येईल एवढाच वेग. एक दिवस सायकल, एक दिवस आराम. मग वाघबीळ. गड पावसाळ्यानंतर.

साठीनंतर तुम्ही चढ कसा वाढवत नेलात?