तीन वायरी आणि एक पॅनिक

नवं मेमरी कार्ड टाकल्यापासून रास्पबेरी पाय (छोटासा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) बूटच होईना. मॉनिटरवर नुसता काळोख. शेवटी आज ड्रॉवरमधून यूएसबी-टीटीएल केबल शोधली; ती लावली की बोर्डाचे बूट होतानाचे मेसेज लॅपटॉपवर दिसतात. काळी वायर ६ नंबरच्या पिनला, बाकी दोन ८ आणि १० ला. लाल वायर मोकळीच ठेवली, ती ५ व्होल्टची, चुकून ३.३ व्होल्टच्या पिनेला लागली असती तर बोर्डाचं तेरावंच. मेसेजचा वेग सेकंदाला ११५२०० बिट.

लॅपटॉपची स्क्रीन ढिम्म!

अर्ध्या तासाने कळलं, टीएक्सला (म्हणजे पाठवणाऱ्या टोकाला) टीएक्सच जोडलंय. दोघंही बोलतायत, ऐकतंय कोण? (आमच्या सोसायटीची मीटिंग अशीच असते.) वायरी उलटसुलट केल्या आणि धडाधड ओळी आल्या. शेवटी कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यानेच हात टेकले: रूट पार्टिशन (कार्डावरचा सिस्टीमचा भाग) सापडत नाही. कार्ड बदललं, पण बूट होताना वाचल्या जाणाऱ्या सीएमडीलाइन फाइलमध्ये जुन्याच कार्डाचा आयडी!

बायकोने विचारलं, "झालं चालू?"
"नाही गं, पण का बंद आहे ते कळलं!"