३ ऑक्टोबरचं श्रीखंड
४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आमच्या न्यू जर्सीच्या गल्लीत फटाके, बार्बेक्यू, नुसता धिंगाणा असतो आणि मीही मजेत कणसं भाजत बसते, पण खरं सांगू का, मला जास्त जवळची वाटते ती ३ ऑक्टोबर १९६५. त्या दिवशी प्रेसिडेंट जॉन्सननी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायथ्याशी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि देशागणिक कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली. आधी भारताचा कोटा किती होता माहितीये? वर्षाला १००! अख्ख्या देशातून! आमच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त लोक असतात.

आणि तो कोटापण १९४६ मध्ये मिळालेला, त्याआधी १९२३ला तर इथल्या सुप्रीम कोर्टाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाही असं सांगितलं होतं, आणि हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होता, बोला आता.

बाबा १९७१ला आले. कायदाबियदा त्यांच्या गावीही नाही, "मला नोकरी मिळाली, मी आलो" एवढंच. यंदा ३ तारखेला मुद्दाम श्रीखंड केलं तर म्हणाले, "आज काय विशेष?" मी सांगायला लागले, तोवर त्यांनी दुसरी वाटी घेतली होती.