प्रशिक्षक बोलले, पण पुढचा चेंडू कसा गेला?

सरावाच्या कडेला वही घेऊन बसलेला निरीक्षक बहुतेक वेळा आवाजाला फसतो. ओरडणारा प्रशिक्षक मेहनती वाटतो, गप्प उभा राहिलेला ढिला वाटतो. तासाभराने वहीत उतरतं ते "ऊर्जा छान, संवाद सुधारायला हवा" असलं काहीतरी. उद्या नेमकं काय बदलायचं, हे त्यातून कोणत्याच प्रशिक्षकाला कळणार नाही.

म्हणून प्रशिक्षक खेळाडूंना काय सांगतात आणि त्याचं पुढे काय होतं, हे मोजायला हवं. १९७४-७५च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या मानसशास्त्रज्ञांनी यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या १५ सरावांना बसून, सुमारे ३० तासांत शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदवल्या. निव्वळ कौतुक ७ टक्क्यांच्या आत आणि निव्वळ नाराजीही जवळजवळ तेवढीच. सगळ्यात मोठा वाटा साध्या सूचनांचा होता: काय करायचं, कसं करायचं. हे प्रमाण मात्र इतरांच्या गळ्यात मारू नये. तो अव्वल महाविद्यालयीन संघ होता; नुकती बॅट किंवा स्टिक हातात धरलेल्या दहा वर्षांच्या मुलांना उत्तेजन याहून कितीतरी जास्त लागतं.

नोंदतक्ता बनवताना सात-आठ कोड, म्हणजे प्रशिक्षकाच्या कृतींचे ठरवून दिलेले प्रकार, पुरेत. कारण न सांगता केलेलं कौतुक, कारणासह कौतुक, दुरुस्ती, नुसतं रागावणं, रागावून लगेच दुरुस्ती, प्रश्न, करून दाखवणं आणि मौन. मौन विसरू नका. प्रशिक्षकाचं वागणं नोंदवण्याची जी पद्धत स्मिथ, स्मॉल आणि हंट या संशोधकांनी १९७७ साली मांडली, तिच्यात १२ प्रकार आहेत. त्यात चांगल्या प्रयत्नाला दाद न देणं आणि चुकीकडे दुर्लक्ष करणं यांनाही स्वतंत्र जागा आहे. फक्त बोलणं टिपलं, तर जिवाच्या आकांताने मागे धावून आलेल्या आणि एक शब्दही न मिळालेल्या बचावपटूची नोंदच होत नाही.

कोडच्या शेजारी आणखी चार रकाने हवेत: कोणाला (नाव, गट की संपूर्ण संघ), केव्हा (खेळ चालू असताना, लगेच नंतर की सत्र संपल्यावर), निदान बरोबर होतं का, आणि पुढच्या तीन प्रयत्नांत काय घडलं. निदानाचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो, आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस घेताना चेंडू बाजूला उडाला की प्रशिक्षक म्हणतात, "हात सरळ ठेव." पण पुष्कळदा चूक पायांची असते. खेळाडू चेंडूखाली उशिरा पोहोचतो, मग हात वाकडे होणारच. तक्त्यात ही "दुरुस्ती" म्हणून गुण मिळवून जाते आणि खेळाडू आठवडाभर चुकीच्या गोष्टीवर घाम गाळतो. त्यामुळे निरीक्षकाला तो खेळ कळलाच पाहिजे. नुसतं मोजता येणं पुरत नाही.

पुढच्या तीन प्रयत्नांचा रकाना वेगळंच काहीतरी उघड करतो. १२ जणांची रांग आणि प्रत्येकाला २० सेकंद, म्हणजे सूचना ऐकलेल्या खेळाडूची पाळी चार मिनिटांनी येते. तोवर सूचना थंड झालेली असते. इथे दोष शब्दांचा नाही, ड्रिलच्या रचनेचा आहे. तीन रांगा केल्या की वाट ८० सेकंदांवर येते.

पण त्याच दिवशी सुधारणा दिसली म्हणून फीडबॅकला पैकीच्या पैकी देणं घाईचं ठरतं. प्रत्येक प्रयत्नानंतर सांगत राहिलं की सराव देखणा होतो आणि खेळाडू त्या आवाजावर रेलून राहतो. आवाज थांबला की कामगिरी घसरते. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ साली हा मुद्दा नीट मांडला. तेव्हा खरी तपासणी पुढच्या सत्राच्या पहिल्या दहा मिनिटांत, प्रशिक्षकांनी तोंड उघडण्याआधी करावी.

नोंदी सावकाश करता याव्यात म्हणून सरावाचं चित्रण करा. त्यासाठी प्रशिक्षकांच्या कॉलरला वायरलेस माइक आणि उंचावर एक कॅमेरा, ज्यात प्रशिक्षक आणि खेळाडू एकत्र दिसतील. माइक नसेल तर "शाबास" कोणाला म्हटलं, टोमणा होता की खरी दाद, हे कळत नाही. पहिलं सत्र मोजू नका. कॅमेरा पाहून सगळेच जरा गोड बोलतात. एका तासाच्या चित्रणाचं कोडिंग करायला तीन तास तरी धरा.

दोन निरीक्षकांनी तीच २० मिनिटं वेगवेगळी नोंदवावीत. ६० नोंदींपैकी ५१ जुळल्या तर ८५ टक्के. ८०च्या खाली आलं तर कोडच्या व्याख्या पुन्हा लिहा. भांडण बहुधा दुरुस्ती आणि रागावणं यांच्या सीमेवर होतं: "किती वेळा सांगू, स्टिक खाली!" हे काय? नियम आधीच ठरवा: करायची कृती सांगितली असेल तर ते रागावून दुरुस्ती. बहुतेक नोंदी एकाच कोडच्या असतील तर टक्केवारी फुकटात फुगते. तिथे कोहेनचा कप्पा काढावा; योगायोगाने जुळलेल्या नोंदी वजा करून खरी जुळणी दाखवणारा तो आकडा आहे. तोच निरीक्षक दहा दिवसांनी तेच चित्रण पुन्हा नोंदवून स्वतःशी जुळतो का, तेही पाहावं.

कोणत्या खेळाडूशी प्रशिक्षक किती बोलले याची नावानिशी बेरीज करताना नुसते आकडे लावू नका, दर दहा प्रयत्नांमागे किती ते काढा. व्हॉलीबॉलमध्ये सेटरकडे, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूकडे, चेंडूच जास्त जातात, त्यामुळे त्याच्या वाट्याला शब्दही जास्त येणार. या हिशेबानंतरही एखाद्याचा आकडा शून्याजवळ राहिला, तर ती गोष्ट गंभीर आहे.

सत्र संपताच चार खेळाडूंना वेगवेगळं विचारा: "आज तुला काय बदलायला सांगितलं?" उत्तरं तक्त्याशी ताडून पाहा. मग आकडे दाखवण्याआधी प्रशिक्षकांना त्यांचा अंदाज कागदावर लिहायला सांगा. स्वतःच्या वागण्याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्ष नोंदींशी फारसा जुळत नाही, खेळाडूंचा जास्त जुळतो, असं स्मिथ आणि स्मॉल यांना आढळलं होतं. त्यानंतर तीनच क्लिप दाखवा, आणि पहिली आवाज बंद करून. कोणी मान वळवली, कोण जमिनीकडे बघत राहिला आणि सूचना सुरू असतानाच कोणी चेंडू उचलला, हे त्यांना स्वतःच दिसतं.