मेलबर्न ते मळा: मोपाला उतरून पणजी गाठताना

मेलबर्नला भावाच्या घराचं दार ओढून घेतल्यापासून पणजीत आईची पाठ गादीला टेकेपर्यंत २७ तास गेले. सिंगापूर, मुंबई, मग गोव्यातला मोपा विमानतळ. विमानांतले तास कसेही निघाले, पण मोपाहून खोलीपर्यंतच्या ३५ किलोमीटरांनी आम्हाला दमवलं. आई ७१ वर्षांची, सोबत चार मोठ्या बॅगा, आणि दोन दिवसांनी भाचीचं लग्न. वयस्कर माणसांना घेऊन असाच प्रवास करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते, कारण ती कोणाचीही होऊ शकते. माझा दुसरा भाऊ, दादा, हैदराबादहून येणार होता आणि विमानतळावरून तिघांनी एकाच गाडीने जायचं ठरलं होतं. त्याचं तिकीट मीच मेलबर्नहून काढलं. यादीत ‘गोवा’ दिसलं, वेळ जुळली, पैसे भरले. मुंबईला बॅगांची वाट बघताना त्याचा फोन आला, “अगं, माझ्या तिकिटावर दाबोळी आहे, तुमच्या तिकिटावर काय आहे बघ.” आमच्या तिकिटावर मोपा होतं. दोन्ही विमानतळ गोव्यातच, पण मध्ये साठ-पासष्ट किलोमीटर अंतर आणि मांडवी-जुवारी या दोन मोठ्या नद्या!

पेडणे तालुक्यातला मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. वास्कोजवळचा दाबोळी जुना, नौदलाच्या हंसा तळावरचा, आणि तोही चालू आहे. तिकिटावर दाबोळीचा कोड जीओआय असतो, मोपाचा जीओएक्स. पैसे भरण्याआधी ही तीन अक्षरं बघा. कुठला निवडायचा हे मुक्कामावर ठरवा. पेडणे, बार्देश, म्हणजे मोरजी, हरमल, म्हापसा, कळंगुट या बाजूला राहणार असाल तर मोपा. मडगाव, कोलवा, काणकोण असेल तर दाबोळी. मडगावला जाणाऱ्याने तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसलं म्हणून मोपाला उतरू नये, ते हजार टॅक्सीत जातात आणि वर दीड-दोन तास. पणजीला मात्र दोन्ही जवळपास सारखेच पडतात, तिथे विमानाची वेळ बघावी. बांदा-सावंतवाडीकडच्या आपल्या लोकांना तर मोपा अगदी दाराशी आला आहे.

मुंबईत काय होतं तेही लक्षात ठेवा. परदेशातून आल्यावर इमिग्रेशन आणि कस्टम्स मुंबईलाच उरकावं लागतं. बॅगांवर गोव्याचा टॅग असला तरी आम्हाला त्या पट्ट्यावरून उतरवून पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागल्या. दोन विमानांत चार तास तरी ठेवा. आईसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितली होती, तो या प्रवासातला सगळ्यात चांगला निर्णय. व्हीलचेअर घेऊन आलेल्या मुलाने इमिग्रेशनची रांग, बॅगा, पुढचं काउंटर, सगळं पार करून दिलं. वडीलधाऱ्यांना “मी काय लंगडी आहे का” असं वाटतं, आईलाही वाटलं. तरी मागाच.

मोपाला रात्री नऊला उतरलो. आईच्या अंगातलं घड्याळ मेलबर्नचं, तिथे पहाटेचे अडीच वाजले होते. ती बोलेनाशी झाली होती. अशा वेळी बाहेर येऊन ‘आता कसं जायचं’ हा विचार सुरू करणं फार जड जातं.

गोव्यात ओला-उबर चालत नाही. २०१८ पासून टॅक्सी बोलवायला गोवा माइल्सचं अॅप आहे, ते मी आधीच फोनमध्ये घेऊन ठेवलं होतं. पण ते सुरू करायला भारतातल्या नंबरावर ओटीपी येतो, आणि माझ्या भारतातल्या सिमचं रिचार्ज संपून महिना झाला होता. विमानतळाच्या वायफायलाही ओटीपीच लागला. परदेशातून निघण्याआधी घरच्या कुणाला तरी सांगून सिमवर रिचार्ज मारून घ्या. रोख पैशांचंही तसंच. भारतातून जाताना २५,००० रुपयांपर्यंतच्या नोटा सोबत नेता येतात आणि परत आणता येतात, म्हणून मी जाताना पाकिटात तीन हजार राखून ठेवले होते. त्यांनीच त्या रात्री काम भागवलं.

कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, एसी बसही विमानतळावरून पणजीला जाते आणि टॅक्सीच्या मानाने तिचं तिकीट अगदीच थोडं. पण पुढची बस सुटायला पाऊण तास होता, आणि आई तेवढी बसू शकली नसती. प्रीपेड टॅक्सीच्या काउंटरवर गेलो. तिथे नुसतं ‘पणजी’ सांगू नका, वाडा आणि जवळची खूण सांगा. बॅगा किती ते आधी सांगा, कारण लहान गाडीच्या डिकीत दोन मोठ्या बॅगांपलीकडे काही मावत नाही. आणि पावती मुक्कामाच्या दारात उतरेपर्यंत हातातून सोडू नका.

“खंय वचपाचें?” ड्रायव्हरने विचारलं. मी मराठीत, तो कोकणीत, संभाषण छान चाललं. पठारावरून खाली धारगळला महामार्ग लागतो, मग कोलवाळचा पूल, म्हापसा बाजूला टाकून गिरी. इथपर्यंत गाडी सुरेख पळाली. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे मात्र अर्धा तास जागच्या जागी. मांडवीवर आलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

खोली मळ्यात, म्हणजे पणजीतल्या मळा नावाच्या जुन्या वाड्यात, मारुतीच्या देवळाच्या खालच्या अंगाला. फोंतेन्हास-मळ्यातली जुनी घरं फार देखणी, राहायला मलाही तीच आवडतात. पण गल्ल्या अरुंद, गाडी कोपऱ्यापर्यंतच, आणि खोल्या बहुतेक वरच्या मजल्यावर. लाकडी जिना उभा, लिफ्ट नाही. फोटोंत हे दिसत नाही. खोली ठरवताना तीन गोष्टी फोनवर विचाराच: गाडी दारापर्यंत येते का, खालची खोली मिळेल का, रात्री किती वाजेपर्यंत दार उघडतात. मी फक्त तिसरी विचारली होती. आईला धरून एकेक पायरी चढवताना दोन्ही बाकीच्या आठवल्या.

वर दादा बसलेला! दाबोळीहून त्याने कदंबची बस धरली, जुवारीच्या नव्या पुलावरून विनाअडथळा पणजीत पाटोच्या बसस्टँडवर उतरला, आणि ओढ्यावरचा पूल ओलांडून चालतच आला. एक पाठपिशवी घेऊन आलेल्या माणसाला त्या बसइतकं सोयीचं काही नाही. त्याने येताना पोळ्या आणि भाजी बांधून आणली होती. रात्री अकराला मळ्यात खायला मिळालं नसतं, त्यामुळे तेवढं तरी सोबत ठेवावं.

सकाळी आई चारलाच टक्क जागी. तिला झोपवायचा प्रयत्न केला नाही, उजाडल्यावर हळूहळू मारुतीपर्यंत नेऊन आणलं. अकराला घरमालकीण काकींनी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं आणून दिलं. दोन वाट्या पेज पिऊन ती जी झोपली, ती संध्याकाळी हळदीला उठवेपर्यंत.

परतीला मात्र आम्ही दुपारची वेळ घेतली, जड बॅगा दादाकडे दिल्या आणि पाटोहून कदंबने मोपाला गेलो. पर्वरीसाठी तास जास्तीचा धरला होता, त्यातली चाळीस मिनिटं लागलीच.